आपलं कारण, त्यांचा स्वभाव

सद्गुण ही दुसऱ्याला देण्याची वस्तू आहे, याबद्दल मराठी समाजात फारसे मतभेद नाहीत. आहेरात आलेला लेमन सेट जसा खोकं न फोडता पुढच्या लग्नात जातो, तसे सद्गुणही आपण वेष्टणासकट पुढे पाठवतो. वापरून खराब कशाला करायचे?

संक्रांतीचंच पाहा. अख्ख्या वर्षात हा एक दिवस केवळ जिभेच्या सुधारणेसाठी राखून ठेवलेला आहे. त्या दिवशी आपण म्हणतो काय? ‘तिळगूळ घ्या, गोड बोला.’ म्हणजे गूळ माझा, सुधारणा तुमची. ‘तिळगूळ घ्या, मी गोड बोलेन’ असं म्हणणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. सासू सुनेच्या हातावर वडी ठेवते, सून सासूच्या हातावर ठेवते आणि दोघींच्याही मनात एकच आशा असते, की यंदा तरी हिच्यात काही फरक पडेल. हलव्याला तर चांगला काटा आल्याशिवाय आपण तो चांगला मानतच नाही.

ही तयारी शाळेपासून असते. फळ्याच्या वरच्या बाजूला रंगीत खडूने सुविचार लिहायचं काम ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडे असे. ज्याचं वर्तन चांगलं त्याच्याकडे नव्हे. वर मौनाचं महत्त्व सांगणारा सुविचार, त्याखाली डाव्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावं. ती नावं मॉनिटर लिहायचा. त्यासाठी तो वर्गाला दरडावत असे, मित्राला गप्प बसण्याची शेवटची संधी देत असे, वैऱ्याच्या नावापुढे फुल्या वाढवत असे. सगळ्या वर्गात सर्वांत जास्त तोच बोलायचा आणि त्या यादीत एकट्या त्याचंच नाव नसायचं. दुसऱ्याचे दोष टिपण्याचं असं सरकारमान्य शिक्षण आपल्याला तिसरी-चौथीतच मिळून जातं. पुढे कोणी हाऊसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होतो, कोणी घरातली थोरली जाऊ होते. खडू मात्र हातातून सुटत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. त्यानंतर मराठी घराघरांतून ते वाचलं गेलं आणि डोळ्यांतून पाणी काढून वाचलं गेलं. वाचून आयांना वाटलं, मुलगा असावा तर श्यामसारखा. मुलांना वाटलं, आई असावी तर अशी. दोन्ही पक्ष आपापल्या जागी पूर्ण समाधानी राहिले आणि समोरच्याची वाट पाहत बसले. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला. पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. थिएटरात लोक ढसाढसा रडले. मध्यंतरात पाणावलेल्या डोळ्यांनी शेजारच्या खुर्चीकडे वळून ‘बघ, शीक काहीतरी’ असं म्हणणारेही त्यांतच असणार.

समर्थ रामदासांची तर याहून मोठी पंचाईत झाली. त्यांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली. मोघम नाही, एकेक पारखून सांगितली आहेत. स्वतःची स्तुती स्वतःच करणारा, वाडवडिलांच्या कीर्तीवर जगणारा, कारण नसताना हसणारा, दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा... यादी संपता संपत नाही. आता हा समास कोणत्याही मराठी माणसाला वाचायला द्या. तो चार ओव्या वाचतो आणि त्याचा चेहरा उजळतो. ‘अरे, हे तर आमचे भाऊजी!’ आणखी दोन ओव्या झाल्या, की ऑफिसातला साहेब सापडतो. समास संपेपर्यंत निम्मं गणगोत आणि अख्खा तिसरा मजला हजर झालेला असतो. समर्थांनी हे सगळं साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या शेजाऱ्यांना बघून लिहावं, याचं वाचणाऱ्याला भारी कौतुक वाटतं. त्याच्या पुढच्याच समासात उत्तम लक्षणं आहेत, पण तोवर जेवायची वेळ झालेली असते. समर्थही काही कमी मुरलेले नव्हते. हे असं होणार, हे ओळखूनच बहुधा त्यांनी त्या दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणंही देऊन ठेवली आहेत. भरपूर वाचलेला, ब्रह्मज्ञान घडाघडा सांगणारा आणि तरी आतला अभिमान जागच्या जागी सांभाळून असणारा, असा तो माणूस. हा समास वाचतानाही भाऊजीच आठवतात.

या पार्श्वभूमीवर एका अमेरिकन गृहस्थाचं वागणं फारच चमत्कारिक वाटतं. बेंजामिन फ्रँकलिन त्याचं नाव. पुढे विजेवर प्रयोग करून आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करून तो थोर झाला. पण तरुणपणी फिलाडेल्फियात छापखाना चालवत असताना त्याच्या मनाने घेतलं, की आपण संपूर्ण निर्दोष व्हायचं. शेजाऱ्याने नाही, आपण! त्यासाठी त्याने सद्गुणांची यादी केली आणि एक छोटी वही घातली. प्रत्येक पानावर लाल शाईने सात वारांचे सात रकाने आखले, बाजूला सद्गुणांची नावं लिहिली आणि रोज रात्री ज्या बाबतीत चूक झाली असेल त्या घरात काळा ठिपका द्यायचा नेम धरला. आठवड्याला एक सद्गुण मुख्य. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या.

खरं तर यादीत आधी बाराच सद्गुण होते. ती त्याने आपल्या क्वेकर पंथाच्या एका मित्राला दाखवली. मित्राने त्याला सौम्य शब्दांत सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात; वादात तुला नुसतं बरोबर ठरून भागत नाही, समोरच्यावर कुरघोडीही करायची असते. वर दोन-चार उदाहरणंही दिली. फ्रँकलिनने मुकाट्याने तेरावा सद्गुण लिहिला: नम्रता. इथे आपल्याला त्या मित्राचं कौतुक करायला हवं. निंदकाचं घर शेजारी असावं असं आपल्याकडेही म्हणतात आणि फ्लॅट घेताना ही सोय बिल्डर वेगळे पैसे न आकारता देतो. पण शेजारच्या निंदकाचं म्हणणं आपण वहीत उतरवून घेतल्याचं ऐकिवात नाही. फार तर त्याचं नाव उतरवून घेतो.

फ्रँकलिनला सर्वांत जास्त छळलं ते सुव्यवस्थेने. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक कामाला वेळ, एवढंच साधायचं होतं; ते जन्मभर साधलं नाही. ठिपके खरवडून तीच वही पुन्हा वापरल्यामुळे पानांना भोकं पडली, तेव्हा त्याने ओल्या स्पंजने पुसता येतील अशी हस्तिदंती पानं केली. म्हणजे दोष तेच राहिले, पण कागदाचा खर्च वाचला. काटकसर हाही यादीतला एक सद्गुण होताच.

हीच वही एखाद्या मराठी घरात घातली असती तर काय झालं असतं? पहिली अडचण ही, की ती एकट्याची राहिली नसती. पहिल्याच रात्री बायकोने म्हटलं असतं, ‘आज एकच ठिपका? दुपारी माझ्या माहेरच्यांबद्दल बोललात ते कुठाय?’ मुलाने हिशेब तपासायला घेतला असता. आईने चष्मा पुसत म्हटलं असतं, ‘लहानपणी नव्हता हो हा असा,’ आणि हे बोलताना सुनेकडे पाहिलं असतं. आठवड्याच्या आत घरातल्या प्रत्येकाने फ्रँकलिनच्या पद्धतीने वही घातली असती आणि प्रत्येक वहीत दुसऱ्या कोणाचे तरी ठिपके असते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. समजा, वही खरोखर स्वतःचीच राहिली. मग प्रत्येक ठिपक्यापुढे कंस आला असता. शांतता: ठिपका (पण आवाज आधी त्याने चढवला). काटकसर: ठिपका (पण सेल आजच संपत होता). सुव्यवस्था: ठिपका (किल्ली मी नेहमीच्या जागी टाकली होती, कोणीतरी ती नीट ठेवली). मौन: ठिपका (पण कोणीतरी बोलायलाच हवं होतं). महिनाअखेरीस पान उलटून पाहिलं तर ठिपके बारीक आणि कंस लठ्ठ झालेले. दोष कुठे सापडलाच नसता. सापडली असती ती परिस्थिती.

आणि इथेच सगळ्या भानगडीची मेख आहे. आपल्या दोषाला कारण असतं. दुसऱ्याच्या दोषाला स्वभाव असतो. मी उशिरा पोचलो तर सिंहगड रोडला ट्रॅफिक होतं. तो उशिरा आला तर त्याला वेळेची किंमत नाही. मी फोन उचलला नाही तर तो सायलेंटवर होता; त्याने उचलला नाही तर माज आलाय. आमची मुलगी पाहुण्यांसमोर बोलत नाही कारण ती लाजते. त्यांची बोलत नाही कारण ती शिष्ट आहे. मी तोंडावर बोललो तर स्पष्टवक्ता, ते बोलले तर फटकळ. आमचा चिकटपणा हा साधेपणा असतो, त्यांचा साधेपणा हा चिकटपणा असतो. माणूस तोच, दोष तोच. फरक फक्त एवढाच, की स्वतःच्या बाबतीत आपल्याला मागची सगळी हकीकत ठाऊक असते आणि दुसऱ्याच्या बाबतीत शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच खणलं आहे. १९६७ मध्ये जोन्स आणि हॅरिस या दोघांनी काही लोकांना फिडेल कॅस्ट्रोबद्दलचे निबंध वाचायला दिले. काही निबंध त्याच्या बाजूचे, काही विरुद्ध. निबंधाची बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिलेली आहे, असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांचा कल असाच राहिला, की जो बाजूने लिहितो तो मनातूनही थोडाफार बाजूचाच असणार. हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत ‘मोबाइल हे वरदान आहे’ ही बाजू चिठ्ठीत आलेला मुलगा पोटतिडकीने बोलून खाली उतरतो, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या काकू शेजारणीला सांगतात, ‘दिवसभर मोबाइलवरच असणार हो हा. आईचं लक्ष नाही.’ लागलीच आईचाही स्वभाव ठरला. पुढे १९७७ मध्ये ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने या खोडीला एक भारदस्त इंग्रजी नाव दिलं. काकूंना त्याची गरज भासली नव्हती.

अर्थात, स्वतःला कारणांची अशी सढळ सूट दिली, की सरासरी वाढतेच. स्वेन्सन नावाच्या संशोधकाने १९८१ साली वाहन चालवण्याच्या कौशल्याबद्दल लोकांना विचारलं, तर त्यातल्या ९३ टक्के अमेरिकनांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. स्वीडनचे लोक विनयशील. तिथे हा आकडा ६९ टक्के होता. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे दुचाकी चालवणारा प्रत्येक जण रस्त्यावरचा एकमेव शहाणा असतो आणि बाकीचे त्याच्या सहनशक्तीची परीक्षा पाहायला घराबाहेर पडलेले असतात.

मुंबईची लोकल तर या विषयाची प्रयोगशाळाच. ठाण्याच्या फलाटावर उभा असलेला माणूस गाडी येताच दाराला लोंबकळत ओरडतो, ‘अहो, आत सरका ना जरा, माणुसकी आहे की नाही?’ तो कसाबसा आत शिरतो. मुलुंडला गाडी थांबते आणि हाच माणूस दारातून बाहेरच्यांना सांगतो, ‘जागा नाहीये, दिसत नाही का? मागची गाडी रिकामी आहे.’ ठाणे ते मुलुंड हे अंतर पाचेक मिनिटांचं. तेवढ्यात त्याचा स्वभाव बदलला असेल का? मुळीच नाही. त्याची जागा बदलली. फलाटावर माणुसकी असते, डब्यात शिस्त असते. पण दारातल्या माणसाबद्दल फलाटावरचा काय म्हणतो? ‘कसली लोकं असतात एकेक!’

जागेची ही ताकद किती, याचा सर्वांत खट्याळ पुरावा प्रिन्स्टनमध्ये मिळाला. डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. तिथल्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत पाद्री होण्यासाठी शिकणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी घेतले. निम्म्यांना सांगितलं, की बायबलातल्या दयाळू शोमरोनी माणसाच्या गोष्टीवर छोटं भाषण करा. वाटेत जखमी होऊन पडलेल्या माणसाला धर्माचे अधिकारी टाळून जातात आणि एक परकाच थांबून मदत करतो, ती ही गोष्ट. उरलेल्यांना दुसरा, नोकऱ्यांबद्दलचा विषय दिला. भाषण शेजारच्या इमारतीत होतं. तिकडे जाताना काहींना सांगितलं, भरपूर वेळ आहे. काहींना सांगितलं, निघाच आता. आणि काहींना सांगितलं, उशीर झालाय, ते वाट पाहतायत. वाटेतल्या बोळात एका दारापाशी एक माणूस मान टाकून, खोकत-कण्हत बसवून ठेवला होता.

वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. घाईतल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही भावी धर्मोपदेशक तर दयेवर बोलायला जाताना त्या कण्हणाऱ्या माणसाला चक्क ओलांडून गेले. वाटेत पडलेल्याला ओलांडणं वाईट, हे त्यांना दोन मिनिटांत पोटतिडकीने सांगायचं होतं ना!

यावर ‘पाहा, पाद्री सगळे ढोंगी’ असं म्हणायचा मोह होतो. तसं म्हटलं, की आपण पुन्हा तिसऱ्या रांगेत जाऊन काकूंच्या शेजारी बसलो. ते ढोंगी नव्हते. त्यांना उशीर झाला होता. आपल्या ओळखीतले निम्मे उद्धट, शिष्ट आणि माणूसघाणे लोक प्रत्यक्षात उशीर झालेले लोक असतात. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना गुडघेदुखी असते, गृहकर्ज असतं किंवा घरी बारावीचं मूल असतं.

म्हणून फ्रँकलिनच्या तेरा सद्गुणांच्या फंदात न पडता एकच सोपा नेम धरता येईल. आपण स्वतःला जी कारणं फुकट देतो, त्यातलं एखादं अधूनमधून दुसऱ्याला उसनं द्यायचं. गेटसमोर कोणी आडवी स्कूटर लावून गेलं, तर ‘संस्कार’ या विषयावर यायच्या आधी त्याला एक कारण द्यावं: घरात कोणी आजारी असेल, धावत वर गेला असेल. वरच्या मजल्यावरचं मालिकेतलं रडणं आपल्या दिवाणखान्यात ऐकू येत असेल, तर तिथल्या आजोबांना कमी ऐकू येत असेल आणि ते कबूल करणं टीव्हीचा आवाज वाढवण्यापेक्षा अवघड जात असेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलणाऱ्या गृहस्थांचं घरी कोणी पाऊण मिनिटही ऐकत नसेल. कारण खरं असायलाच हवं असं नाही. आपण स्वतःला देतो ती तरी कुठे सगळी खरी असतात?

सुरुवातीला हे जड जातं. दुसऱ्याचा स्वभाव ठरवण्यात जो आनंद आहे तो त्याचं कारण शोधण्यात नाही. स्वभाव एका शब्दात सांगता येतो, चहाबरोबर वाढता येतो. कारणाला डोकं चालवावं लागतं आणि ते सापडलं, की गप्पांचा रंग जातो. ‘ती भयंकर खडूस आहे’ यावर चार बायका तासभर बोलू शकतात. ‘तिच्या आईचं ऑपरेशन आहे’ म्हटल्यावर सगळ्या आपापल्या घरी जातात. क्वचित एखादी डबाही घेऊन जाते.

कारण दिलं म्हणजे माफी दिली, असंही नाही. स्कूटर हलवायला सांगायचीच. आवाज कमी करायला सांगायचाच. खणून ठेवलेल्या रस्त्याबद्दल महापालिकेत तक्रार नोंदवायचीच; तिथे ठेकेदाराच्या मनात शिरायची गरज नाही, खड्ड्यात आपण आधीच शिरलेले असतो. फक्त तक्रार करताना विशेषण गाळावं. सोसायटीच्या कमिटीकडे आलेल्या कोणत्याही पत्रातून ‘बेजबाबदार’, ‘असंस्कृत’ आणि ‘हेतुपुरस्सर’ हे तीन शब्द काढले, तर दोन पानी पत्र चार ओळींवर येतं आणि त्यात गळक्या पाइपचा उल्लेखही सापडतो.

फ्रँकलिननेही नम्रतेसाठी असाच एक किरकोळ उपाय केला होता. ‘निश्चित’, ‘निःसंशय’ असे ठाम शब्द त्याने बोलण्यातून काढून टाकले आणि त्यांच्या जागी ‘सध्या तरी मला असं वाटतं’ या धर्तीचं बोलणं सुरू केलं. त्याचा अनुभव असा, की वाद कमी झाले, त्याचं म्हणणं लोकांना लवकर पटू लागलं आणि चूक निघाली तर मानहानीही कमी झाली. अंगी खरी नम्रता किती आली याबद्दल मात्र त्याने बढाई मारली नाही. दिसण्यापुरती बऱ्यापैकी जमली, असं त्याने म्हातारपणी प्रांजळपणे लिहून ठेवलं. दिसण्यापुरती तर दिसण्यापुरती. समोरच्या माणसाला आपल्या अंतःकरणाशी काय करायचंय? त्याला आपल्या आवाजाशी काम पडतं.

आणि प्रिन्स्टनचा धडा धरला, तर आणखी एक सद्गुण अगदी स्वस्तात मिळण्यासारखा आहे: घरातून दहा मिनिटं लवकर निघणं. दया, क्षमा, शांती यांना राहायला दहा मिनिटांची तरी जागा लागते. संतवाङ्मयाची पारायणं करून जो संयम येत नाही, तो कधीकधी आठ बावीसच्या ऐवजी आठ बाराची लोकल पकडल्याने येतो.

धोका पुढेच आहे. काही दिवस हा नेम नीट पाळला गेला, की मनात एक निराळीच ऊब तयार होते. आपण किती समजून घेतो! स्कूटरवाल्याला समजून घेतलं, आजोबांना समजून घेतलं, नणंदेलासुद्धा समजून घेतलं. आणि मग हळूच वाटू लागतं, की लोक मात्र आपल्याला अजिबात समजून घेत नाहीत. बाकी काही नाही, स्वभावच त्यांचा तसा. फ्रँकलिनला हे आधीच दिसलं होतं. गर्व जिंकला असं वाटलं, तर बहुधा त्या नम्रतेचाच गर्व होईल, असं त्याने लिहिलं आहे. अशा वेळी दुसरा काही इलाज नाही. वही काढावी, आजच्या वाराच्या रकान्यात एक ठिपका द्यावा आणि एवढा एक ठिपका तरी कंसाशिवाय राहू द्यावा.